कार्डाची पाठही दाखवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत होनस वॅग्नर या अमेरिकी बेसबॉलपटूच्या कार्डावर आलेला लेख आम्ही आस्थेने वाचला. ऑगस्ट २०२२ मध्ये या कार्डाची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने ५७ कोटी रुपयांच्या वर, हे लेखात बरोबर दिले आहे. चित्रही चांगले छापले आहे. पण ते फक्त पुढच्या बाजूचे आहे. आणि अख्ख्या लेखात तंबाखूचा उल्लेख येतो तो फक्त वॅग्नरला तंबाखूचा तिटकारा होता आणि म्हणून त्याने कार्ड थांबवले एवढे सांगण्यापुरता. हे कार्ड सिगारेटच्या पाकिटातून वाटलेली जाहिरात होते. खेळाडूचे चित्र हे आमिष होते आणि विकायचा माल पाठीवर छापलेला होता. पाठ न दाखवता या कार्डाची गोष्ट सांगितली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होते. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

सुरुवात खेळापासून न करता पाकिटापासून करावी लागते. १८८० पर्यंत अमेरिकेत सिगारेट हाताने वळली जाई. हात बसलेला कामगार दिवसाला तीनेक हजार वळायचा. व्हर्जिनियातल्या जेम्स बॉन्सॅक या तरुणाने यंत्र तयार केले, १८८१ मध्ये त्याला पेटंट मिळाले, आणि हे यंत्र दिवसाला सव्वा लाखाच्या आसपास सिगारेटी काढू लागले. १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने सिगारेटवरचा कर हजारी पावणेदोन डॉलरवरून पन्नास सेंटवर आणला. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या जेम्स ड्यूकने हे दोन्ही धागे एकत्र पकडले. यंत्रे घेतली आणि दहा सिगारेटींचे पाकीट पाच सेंटला लावले. आता माल अफाट निघत होता आणि गिऱ्हाईक तेवढे नव्हते. सगळ्या कंपन्यांची सिगारेट साधारण एकाच चवीची, एकाच किमतीची. मग फरक दाखवायचा कशात? पाकिटाच्या आत काय निघते, त्यात.

त्या काळचे पाकीट पातळ कागदाचे, खिशात दबले की आतल्या सिगारेटी मोडायच्या. त्यासाठी एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा आधाराला घालत. तो घालायचाच आहे तर कोरा का ठेवायचा, या विचारातून त्यावर चित्र आले. कार्डाचे माप या पाकिटाच्या मापावरून ठरले आहे, हे संग्राहकांनीही लक्षात ठेवावे. कार्ड इतके चिमुकले का, याला याहून वेगळे कारण नाही.

बेसबॉलपटू एकदम आले नाहीत. आधी नट्या, राजेरजवाडे, पक्षी, देशोदेशीचे झेंडे असे सगळे प्रयोग झाले. १८८७ मध्ये रिचमंडच्या अॅलन अँड गिंटर कंपनीने ‘जगज्जेते’ अशा अर्थाच्या नावाने ५० कार्डांची मालिका काढली. त्यात बेसबॉलपटू फक्त १०. बाकीचे मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, वल्हेकरी, बिलियर्ड खेळणारे, नेमबाज. नेमबाजांमध्ये अॅनी ओकली होती. रंगीत शिळाछपाईची ही कार्डे आजही इतकी ताजी दिसतात की पाहणाऱ्याला ती अलीकडची वाटावीत. या कार्डांच्या पाठीवर पन्नासही नावांची यादी छापलेली असे, आणि ती यादी फार विचारपूर्वक घातलेली होती. तुमच्याकडे बारा असतील तर अजून अडतीस बाकी आहेत, हे प्रत्येक कार्ड तुम्हाला सांगत राही. मालिका पूर्ण करायची तर पाकिटे घेत राहायची. पाकीट फोडल्याशिवाय आतले कार्ड कळत नसल्यामुळे तेच तेच कार्ड पुन्हा येणार, म्हणजे अदलाबदल आली, आणि अदलाबदल म्हणजे दुसऱ्यालाही या नादाला लावणे आले.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटची कार्डे सुरू केली. ती १८८६ ते १८९० अशी चालली. यात चित्र नव्हते, खरा फोटो होता. अल्ब्युमिनचा म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर काढलेली तपकिरी छाया, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, सुमारे ३७ मिलिमीटर रुंद आणि ६४ मिलिमीटर उंच. पाचशेहून जास्त खेळाडू आणि प्रत्येकाच्या वेगवेगळ्या अनेक मुद्रा. त्या काळच्या कॅमेऱ्याला पळता चेंडू टिपता येत नसे, म्हणून खेळाडूला स्टुडिओत उभा करून चेंडू दोरीने टांगत. तो झेल घेत असल्यासारखा हात पुढे करून स्तब्ध उभा राही. काही कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. मैदानावर घसरत जाणारा खेळाडू स्टुडिओच्या फरशीवर आडवा झालेला असतो आणि मागे रंगवलेला पडदा. या कार्डांची पाठ कोरी आहे. कंपनीचे आणि सिगारेटचे नाव पुढेच छापलेले आहे. म्हणजे इथे जाहिरात आणि खेळाडू एकाच चौकटीत आहेत, लपवालपवी काही नाही.

खेळाडूच्या चेहऱ्याला बाजारभाव आहे हे तेव्हाच सगळ्यांना कळले होते. १८८७ मध्ये शिकागो संघाने माइक ‘किंग’ केली या खेळाडूला बोस्टनला दहा हजार डॉलरना विकले. खेळाडूंच्या पगारावर दोन हजार डॉलरची मर्यादा होती. बोस्टनने त्याला दोन हजार पगार दिला आणि वर तीन हजार त्याचे छायाचित्र वापरण्याचे म्हणून दिले. पगारापेक्षा फोटोचे पैसे जास्त. हा मर्यादा चुकवण्याचा मार्ग होता हे खरे, पण तो चालून गेला, कारण फोटोला पैसे मिळू शकतात हे कोणालाच विचित्र वाटले नाही.

ही चढाओढ कंपन्यांना फार महाग पडली. एकट्या ड्यूकने १८८९ मध्ये जाहिरातीवर आठ लाख डॉलर घातले. जानेवारी १८९० मध्ये ड्यूक, अॅलन अँड गिंटर, किनी, किंबॉल आणि गुडविन या पाच कंपन्या एक झाल्या आणि अमेरिकन टोबॅको कंपनी जन्माला आली. देशातला सिगारेटचा जवळजवळ सगळा धंदा तिच्या हातात आला. आणि कार्डे ओसरली! बेसबॉलची आवड कमी झाली होती म्हणून नव्हे. गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची भीती उरली नाही, म्हणून आमिषाचा खर्च नको झाला. कार्डे कशासाठी होती याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हाला दुसरा दिसत नाही. पुढे १८९७ च्या कायद्याने तर सिगारेटच्या पाकिटात वेष्टन, लेबल, कराचा शिक्का आणि माल सोडून दुसरे काहीही घालायला मनाई केली. हे कलम १९०२ मध्ये उठले.

१९०९ मध्ये कार्डे पुन्हा आली ती याच मक्तेदार कंपनीकडून. १९०७ पासून तिच्यावर सरकारचा खटला चालू होता, नव्या तुर्की तंबाखूच्या सिगारेटी बाजारात जोर धरत होत्या. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या या मालिकेलाच आज टी-२०६ म्हणतात, आणि आपल्या लेखातले वॅग्नरचे कार्ड यातलेच. ‘टी-२०६’ हे नाव कंपनीचे नव्हे. सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक या संग्राहकाने १९३९ मध्ये अमेरिकी कार्डांची पहिली मोठी सूची केली, तीत एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘एन’ आणि विसाव्या शतकातल्यांना ‘टी’ हे अक्षर दिले. संधिवाताने हात आखडलेल्या या माणसाने आपला तीन लाखांहून जास्त कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि तिथे बसून स्वतः अल्बमांत लावला. काम १९६३ च्या जानेवारीत संपले, मार्चमध्ये तो वारला. लेखात त्याचे नाव यायला हवे होते. पाठीवरच्या ब्रँडची नोंद ठेवायची शिस्त आपल्याला त्याच्याकडून मिळाली.

टी-२०६ मध्ये मोजदादीप्रमाणे ५२४ कार्डे आहेत आणि पाठी सोळा ब्रँडच्या. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल सर्वांत जास्त सापडतात. त्याखेरीज ओल्ड मिल, सॉव्हरिन, पोलर बेअर, अमेरिकन ब्यूटी, सायकल, हिंदू, टॉलस्टॉय, ड्रम, लेनॉक्स वगैरे. पीडमाँटची पाठ निळ्या शाईत, स्वीट कॅपोरलची लाल, ओल्ड मिलची काळी. ‘हिंदू’ नावाची अमेरिकी सिगारेट होती हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटेल. पूर्वेकडचे कुठलेही नाव दिले की माल उंची वाटायचा, तसलाच तो प्रकार. पोलर बेअर ही चघळायची तंबाखू, सुटी आणि ओलसर. तिच्या पुडीतून निघालेल्या कार्डांवर पुष्कळदा तपकिरी डाग असतात.

आता या सोळा पाठी एकत्र ठेवून पाहाव्यात. पुढे तोच टाय कॉब हा खेळाडू, तीच मुद्रा, तोच रंग. मागे मात्र एकदा पीडमाँट, एकदा स्वीट कॅपोरल, एकदा ओल्ड मिल. दुकानात हे ब्रँड एकमेकांशी स्पर्धा करत असल्यासारखे मांडलेले असत. प्रत्यक्षात मालक एक, छापखाना एक, न्यूयॉर्कची अमेरिकन लिथोग्राफिक कंपनी. मक्तेदारी कशी दिसते हे शाळेतल्या मुलाला समजावायचे तर आम्ही हीच कार्डे पुढे ठेवू. मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कंपनी तोडली. पीडमाँट लिगेट अँड मायर्सकडे गेली, स्वीट कॅपोरल अमेरिकन टोबॅकोकडे राहिली, आणि एकाच चित्रामागे अनेक ब्रँड ही पद्धत तिथे संपली.

पाठीवर आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे ‘१५० विषय’, ‘३५० विषय’ किंवा ‘४६० विषय’ असा आकडा, म्हणजे मालिकेत इतकी वेगवेगळी चित्रे. मालिका वाढत गेली तसा आकडा बदलत गेला. हा तोच अॅलन अँड गिंटरच्या यादीचा धागा, फक्त इथे यादी न देता नुसता आकडा दिलेला, म्हणजे कोण कोण बाकी आहे हेही कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कारखान्याचा क्रमांक आणि करविभाग: ‘कारखाना २५, दुसरा विभाग, व्हर्जिनिया’ किंवा ‘कारखाना ३०, दुसरा विभाग, न्यूयॉर्क’ अशा धर्तीवर. हा करखात्याच्या नोंदीचा भाग आहे. त्या ओळीवरून कार्ड कुठल्या कारखान्यातल्या पाकिटासाठी छापले ते कळते, आणि खोटे ओळखायलाही तिचाच उपयोग होतो.

वॅग्नरविषयी. लेखात ‘लहान मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून त्याने कार्ड थांबवले’ असे निःशंकपणे लिहिले आहे. पुरावा इतका सरळ नाही. ऑक्टोबर १९१२ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने छापले ते असे: कंपनीने पिट्सबर्गच्या जॉन ग्रूबर या गुणलेखकाला वॅग्नरचा फोटो आणि परवानगी मिळवून देण्याबद्दल दहा डॉलर देऊ केले होते. वॅग्नरने कळवले की आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात नको, आणि ग्रूबरचे नुकसान होऊ नये म्हणून दहा डॉलरचा चेक सोबत धाडला. नकार दिला हे यावरून कळते, नकाराचे कारण कळत नाही. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे आणि त्याआधी एका सिगारच्या जाहिरातीत त्याचे नाव आणि चित्र वापरले गेले होते, म्हणून ‘तिटकारा’ हा शब्द चूक. काहींच्या मते पैशांवरून बिनसले. पण चेक पाठवणारा माणूस पैशांसाठी अडून बसला होता हे आम्हाला पटत नाही. त्याच सुमारास कॅरमेलच्या गोळ्यांबरोबर मिळणाऱ्या कार्डांवर मात्र वॅग्नर दिसतो. गोळीबरोबर चालले, सिगारेटबरोबर चालले नाही, यावरून मुलांचा विचार त्याच्या मनात असावा असा आमचा कल आहे. पण तो कल आहे, त्याला नोंद म्हणता येणार नाही.

परवानगी मुळात का मागावी लागली हेही सांगायला हवे. न्यूयॉर्क राज्याने १९०३ मध्ये कायदा केला होता की जिवंत माणसाचे नाव किंवा चित्र व्यापारासाठी वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी. कंपनी आणि छापखाना दोन्ही न्यूयॉर्कमध्ये. वॅग्नरचे कार्ड छापून झाले होते, काही पाकिटांत गेलेही होते, मग ते थांबले. म्हणून आज साठाच्या आतच प्रती माहीत आहेत. १९३० च्या दशकात, इतर कार्डे काही सेंटना मिळत असताना, याची किंमत ५० डॉलर धरली जाई. दुर्मीळ आहे हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होते.

आपल्या लेखानंतर काही वाचक ऑनलाइन लिलावांत अशी कार्डे शोधू लागतील, आणि अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांमार्फत मागवूही लागतील. त्यांच्यासाठी काही गोष्टी सविस्तर लिहितो, कारण टी-२०६च्या नकला अनेक दशके छापल्या जात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जाणूनबुजून जुनाट केलेल्या असतात.

पहिली तपासणी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाची, सोनार वापरतात तसल्या. खऱ्या कार्डावर खेळाडूचे नाव आणि संघ खाली तपकिरी शाईत असतात आणि ती अक्षरे सलग, भरीव रंगाची असतात. नकलेत तीच अक्षरे बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात, कारण ती आख्ख्या कार्डाचा फोटो घेऊन चार रंगांत छापलेली असते. पांढरी चौकटही पाहावी. खऱ्या कार्डात तिथे शाईच नाही, फक्त कागद. नकलेत जुनाट पिवळेपणा दाखवायला तिथेही ठिपके येतात. चेहऱ्यात ठिपके दिसले म्हणून घाबरू नये. मूळ शिळाछपाईतही छटा ठिपक्यांनीच दिलेल्या आहेत, पण ते हाताने घातल्यासारखे विस्कळीत असतात. जाळीसारखी रांग दिसली तर नक्कल.

दुसरी, माप. प्रमाण माप १ ७/१६ इंच गुणिले २ ५/८ इंच, म्हणजे ३६.५ गुणिले ६६.७ मिलिमीटर. कारखान्यातली कापणी काटेकोर नव्हती, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालते. अमेरिकन ब्यूटीच्या पाठीची कार्डे एक-दीड मिलिमीटरने अरुंद असतात, कारण त्या सिगारेटचे पाकीटच अरुंद होते. ती कापलेली समजून टाकून देऊ नयेत. बाकी पाठींवर मात्र कमी रुंदी म्हणजे धोक्याची खूण. कोपरे झिजले की लोक कडा कापून ते पुन्हा टोकदार करतात. चारही कडा भिंगाखाली एकामागून एक पाहाव्यात. शंभर वर्षे उघडी राहिलेली कड मळकट आणि किंचित फुललेली असते, नव्याने कापलेली कड गुळगुळीत आणि आतल्या कागदासारखी उजळ.

या बाबतीत सगळ्यांत मोठे उदाहरण वॅग्नरच्याच सर्वांत प्रसिद्ध प्रतीचे आहे. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ती ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली, तिला दहापैकी आठ असा दर्जा मिळाला, आणि पुढे २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरना गेली. बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. त्याला २०१५ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. सीलबंद प्लास्टिकच्या डबीत घातलेले, दर्जाचा आकडा लावलेले कार्डही कापलेले असू शकते, हे यावरून लक्षात यावे.

तिसरी तपासणी अतिनील प्रकाशाच्या टॉर्चची, नोटा तपासायला दुकानदार ठेवतात तसल्या. साधारण १९५० नंतरच्या कागदात उजळपणासाठी जे रसायन घालतात ते या प्रकाशात निळसर पांढरे चमकते. १९१० चा कागद चमकत नाही. चमकला तर तिथेच थांबावे. न चमकणारा प्रत्येक कागद मात्र जुना असतोच असे नाही.

चौथी पुढची आणि मागची बाजू एकमेकींशी जुळते का ती. प्रत्येक खेळाडू प्रत्येक ब्रँडच्या पाठीवर आलेला नाही. वॅग्नर फक्त ‘१५० विषय’च्या पाठींवर सापडतो, बहुतेक स्वीट कॅपोरल आणि थोडे पीडमाँट. पोलर बेअरच्या किंवा ‘३५० विषय’च्या पाठीचा वॅग्नर कोणी दाखवला तर बाकी काही तपासायची गरजच नाही. शेरी मगी या खेळाडूच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले कार्ड प्रसिद्ध आहे, तेही ‘१५० विषय’च्या पीडमाँट पाठीवरच येते. वॅग्नरच्या कार्डावर पिट्सबर्गच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘एच’ नाही. ती चूक नव्हे. १८९१ ते १९११ या काळात शहराचे अधिकृत स्पेलिंगच तसे होते.

चहाकॉफीत बुडवून जुने केलेले कार्ड ओळखणे सोपे आहे. डाग सगळीकडे सारखा, कडेने थोडा गडद. खरा वापर असा समान नसतो. कोपरे जास्त झिजतात, घडीवर शाई उडते, पाठीवर अल्बमच्या डिंकाचे किंवा काळ्या कागदाचे तुकडे राहतात. असा चिकटलेला कागद ओढून काढू नये. टी-२०६ची शाई तेलकट असल्याने ती साध्या पाण्यात सहसा सुटत नाही. डिस्टिल्ड पाण्यात, खोलीच्या तापमानाला, कार्ड पालथे ठेवावे आणि खळ आपोआप विरघळू द्यावी. एक-दोन तास लागतात, कधी जास्त. मग टिपकागदांच्या थरांत वजनाखाली दोन दिवस, टिपकागद मधे बदलत. ओल्ड जजचे कार्ड मात्र चुकूनही पाण्यात घालू नये. तो फोटो आहे, अंड्याचा थर फुगतो आणि पुठ्ठ्यापासून सुटतो. त्याला उजेडही सोसत नाही. भिंतीवर लावलेली ओल्ड जज कार्डे फिकी होत होत चेहराच हरवून बसतात.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कार्ड ठेवायचे तर पीव्हीसीचे पारदर्शक खिसे टाळावेत. त्यातले तेलकट द्रव्य सुटते आणि कार्डाला चिकटते. पॉलिप्रॉपिलिनचे किंवा मायलरचे खिसे घ्यावेत, झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि ते महिन्या-दीड महिन्याने वाळवावे. लॅमिनेशन कधीच नको. कसर खळीसाठी येते, म्हणून डिंक किंवा खळ लागलेली कार्डे वेगळी ठेवावीत.

तंबाखूच्या पाकिटांतून बेसबॉलची कार्डे गेली कशी, तेही थोडे सांगतो. १९१३ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने कॅमल सिगारेट काढली आणि पाकिटावरच छापले की यात भेटवस्तू किंवा कूपन शोधू नका, आतल्या तंबाखूला इतका खर्च आला आहे की ते परवडत नाही. कार्ड नाही हीच जाहिरात झाली, आणि कॅमल तुफान खपली. पुढे पहिल्या महायुद्धात कागद महागला. कार्डे मिठाई आणि च्युइंगगमबरोबर गेली आणि तिथेच राहिली. म्हणजे तंबाखूवाल्यांनी मुलांसाठी पाडलेली वाट गोळ्याबिस्किटवाल्यांनी घेतली.

आपला याच्याशी संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. संबंध आहे. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची ५० कार्डे काढली आणि त्यांत रणजितसिंहजी होते. १९०१ मध्ये ड्यूकने लिव्हरपूलची एक कंपनी विकत घेऊन इंग्लंडमध्ये पाय ठेवला, तेव्हा विल्ससह तेरा कंपन्यांनी एकत्र येऊन इंपीरियल टोबॅको उभी केली, आणि १९१० मध्ये त्याच नावाची कंपनी कोलकात्यात सुरू झाली. १९९६ ची क्रिकेट विश्वचषक स्पर्धा, जिच्यात केनियाने पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडिजला हरवले, तिचे नावच विल्स विश्वचषक होते. त्या दशकात आपल्या संघाच्या शर्टवरही तेच नाव होते. पुठ्ठ्याचा तुकडा गेला आणि खेळाडूचा शर्ट आला, एवढाच बदल. आपल्याकडच्या २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याच्या पाचव्या कलमाने तंबाखूची जाहिरात आणि प्रायोजकत्व बंद केले. आज तंबाखूच्या पुडीचे नाव आणि रंग घेऊन वेलचीच्या जाहिराती क्रिकेटच्या सामन्यांत दिसतात, त्या पाहणारी मुले तेवढ्याच वयाची आहेत, जेवढ्या वयाची मुले तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून पाकीट घेणाऱ्याकडे ‘कार्ड द्या ना’ म्हणत.

म्हणून आपल्याला विनंती आहे. या कार्डांवर पुन्हा लिहाल तेव्हा दोन्ही बाजू छापाव्यात. पाठीचे चित्र छापायला त्या पाचव्या कलमाची अडचण वाटत असेल, तर पाठीवरचा मजकूर मराठीत शब्दशः द्यावा: ब्रँडचे नाव, त्याखालची फुशारकीची ओळ, विषयांचा आकडा, कारखान्याचा क्रमांक. कार्ड मूळ आकारात छापावे, ३६.५ गुणिले ६६.७ मिलिमीटर, म्हणजे वाचकाला ते दहा सिगारेटींच्या पाकिटात कसे बसत असेल ते दिसेल. आणि वॅग्नरच्या तंबाखूबद्दलच्या ‘तिटकाऱ्या’ची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर करावी.

आपले,
जुन्या छापील जाहिरातींचे काही संग्राहक, पुणे